टँकरच्या दिवशीचे कोरे रकाने

माझ्या ज्या शोधनिबंधाचे सगळ्यात जास्त दाखले दिले गेले, तोच चुकीचा होता. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगून टाकते.

त्या काळात मला सायटेशनचं वेडच लागलं होतं. दुसऱ्या संशोधकानं त्याच्या लेखात आपला दाखला दिला की आपल्या नावावर एक सायटेशन चढतं, आणि असोसिएट प्रोफेसर व्हायचं तर ती हवीच. सकाळी चहा ठेवायच्या आधी मी मोबाइलवर आकडा बघायचे. वाढला की दिवस छान, नाही तर घरातल्यांची खैर नसायची! विषय माझा आरोग्य माहितीशास्त्र, म्हणजे दवाखान्यांच्या नोंदी संगणकावर घेऊन आजारांचा माग काढायचा.

निबंध दुष्काळातला. शहराबाहेर बजाजनगरच्या पलीकडं तेव्हा प्लॉटिंग असं सुटलं होतं की घरं आधी उभी राहायची आणि नळ कधी येणार ते कुणालाच ठाऊक नसायचं. आठवड्यातून एकदा टँकर. तिथल्या एका छोट्या दवाखान्याच्या रजिस्टरांचे फोटो काढून आणून मी त्या नोंदी संगणकात भरल्या. टँकर आला की दुसऱ्या दिवशी जुलाब-उलट्यांचे पेशंट एकदम वाढायचे. खुद्द टँकरच्या दिवशीचे रकाने मात्र कोरे. नोंद राहून गेली असणार, म्हणून मी ते दिवस सरळ काढून टाकले. आमच्याकडं याला डेटा साफ करणं म्हणतात. निष्कर्ष काय, तर टँकरचं पाणी खराब. निबंध छापून आला आणि आकडा भराभर चढू लागला.

प्रमोशनच्या मुलाखतीला महिना उरला होता. छापील प्रत आणि पेढे घेऊन मी दवाखान्यातल्या सिस्टरना भेटायला गेले, कारण रजिस्टर त्यांच्याच हातचं. त्यांनी आलेख बराच वेळ न्याहाळला. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"मॅडम, टँकरच्या दिवशी तुमी कधी आलात का इकडं?"

"नाही. का हो?"

"काळं कुत्रं येत नाय त्या दिवशी दवाखान्यात. बाया समद्या पाण्याच्या लायनीत. लेकरू जुलाबानं गळालेलं असलं तरी नंबर कोण सोडंल? मग दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची गर्दी एकदम."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" मी त्यांच्यावरच डाफरले.

"तुमी इचारलं कुठं?" असं म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला.

इतका राग आला मला! घरी येऊन रजिस्टरचे ते फोटो पुन्हा उघडून बसले. 'किती दिवसांपासून त्रास' असा एक रकाना होता, तो मी भरलाच नव्हता. टँकरच्या दुसऱ्या दिवशी त्यात ओळीनं लिहिलं होतं: परवा रात्रीपासून, काल पहाटेपासून, परवा रात्रीपासून. म्हणजे टँकर यायच्या आधीपासून. पुढच्या टँकरला मी स्वतः गेले. दवाखान्यात सिस्टर एकट्या कापसाचे बोळे वळत बसलेल्या, आणि रस्त्यावर दोनशे पावलं लांब लाईन. एका बाईच्या खांद्यावर पोर मान टाकून पडलं होतं. तिला म्हटलं, "अगं, दवाखाना समोर आहे." ती म्हणाली, "व्हय, दिसतोय की."

मला फार लाज वाटली.

आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "मुलाखत होऊ द्या, मग पाठवा काय ती दुरुस्ती. कोण बघतंय?" खोटं कशाला सांगू, दोन दिवस मलाही तसंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती लिहिली, की ही गर्दी टँकरच्या पाण्यानं नाही, लाईनीमुळं साचते; सिस्टरचं नाव माझ्या आधी घातलं आणि मासिकाकडं पाठवून दिली. एक प्रत त्यांना नेऊन दिली.

मुलाखतीत एकानं विचारलं, "म्हणजे तुमचा मुख्य निबंध तुम्हीच खोटा ठरवलात?"

"खोटा नाही, चुकीचा," मी म्हणाले, आणि जरा जोरातच म्हणाले. प्रमोशन मिळालं नाही. निकाल आला त्या दुपारी मी दार लावून ढसाढसा रडत होते, तेवढ्यात सिस्टरचा फोन आला.

"मॅडम, तुमचा कागद मी आमच्या मोठ्या साहेबांना दाखवला. आता टँकरच्या दिवशी दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवायची परवानगी मिळाली. आज पहिलाच दिवस, अन् आत्तापासूनच बाया घागरी घरात ठेवून लेकरं घेऊन यायल्यात. लई गर्दी." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमचं झालं का काम?"

"नाही झालं."

"मग रिकाम्याच हाय ना तुमी? या इकडं. मी लेकरांना बघू का नोंदी लिहू? हात कमी पडायलेत."

मी तोंड धुतलं आणि गाडी काढली.