अंगणातला चुना

माझ्या बाबांनी, धोंडू पेडणेकरांनी, गोराईच्या खाडीकाठी तीस वर्षं भट्टीत शिंपले भाजून चुना केला. भट्टी बंद झाली तेव्हा शेवटचा चुना त्यांनी अंगणातल्या खड्ड्यात पाण्याखाली मुरत ठेवला. चुना जितका मुरतो तितका भिंतीला घट्ट धरतो, आणि हा आमच्या घरासाठी होता.

माझं लग्न ठरलं तेव्हा मागच्या भिंतीचे पोपडे निघत होते. बाबा म्हणाले, चुन्याचे थर वाळायला महिना लागेल. मला फोटोंची पडली होती. मी म्हटलं, पाहुणे आठवड्यात येतायत, सिमेंट मारा ना. त्यांनी गवंडी बोलावून सिमेंट मारून घेतलं. तीन पावसाळ्यांत ओल आतच कोंडली आणि भिंतीचे दगड सुटायला लागले.

परवा जुन्या चर्चच्या डागडुजीसाठी माणसं चुना मागायला आली. बाबांनी सगळा खड्डा उपसून दिला. त्यांच्यातल्या गवंड्याने चुना बोटांवर चोळून बघितला. "लोणी आहे," म्हणाला. "काका, तुमच्या घराला हाच लावलात ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"नाही," म्हणाले, "आमच्याकडे घाई होती."