तुम्ही कोणाच्या वतीनं?

डिगरसे सर मीटिंगमध्ये आल्याबरोबर कधी बसले नाहीत. उभं राहून एकेकाला विचारायचे, "तुम्ही कोणाच्या वतीनं बसून राहिले जी?" अध्यक्षांचा साळा एकदा म्हणाला, "भाऊजींच्या वतीनं." सर म्हणाले, "मंग भाऊजीच्या घरी बसा. हे कॉलेज होय."

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचं आमचं खाजगी कॉलेज चालवणारी ही समिती. कागदावर तिला शासी निकाय म्हणतात. आमचा नियम साधा होता: काही माणसं संस्थेची, एक विद्यापीठानं पाठवलेला, प्राचार्य, शिक्षकांनी निवडलेले दोन शिक्षक, आणि जमीन देणाऱ्याच्या घरचा एक. जमीन माझ्या बापाची, म्हणून मी. चौथी नापास आहे, पण माझी खुर्ची कोणाच्या मेहरबानीची नाही. सर शिक्षकांनी निवडलेले. संस्थेची म्हणून बसलेली सगळी अध्यक्षांची सोयरीक. "यांच्या घरी लगन जमलं का एक मेंबर वाढते," सर तोंडावर म्हणायचे. अध्यक्ष हसायचे. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

मला पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बापाच्या वतीनं." सर म्हणाले, "बापानं जमीन पोरांसाठी देल्ली, पाटील. पोरांच्या वतीनं बसा."

पुढे एका वर्षी संत्र्याची तोड चालू असताना चपराशी केशव रजिस्टर घेऊन तिगावला माझ्या बगिच्यात आला. "दादाजी, हजेरीची सही पाह्यजे. अध्यक्षसाहेबानं पह्यले तुमच्याकडंच धाडलं." छापील अक्षर मला लागतं, हातानं भरभर खरडलेली हिंदी लागत नाही. पण "वाचून दाखव" कसं म्हणू? मजूर पाहत होते. मी वळणदार सही ठोकली.

मागून कळलं, तो ठराव होता. शिक्षकांची निवडणूक बंद, त्यांची दोन नावं यापुढे अध्यक्ष ठरवतील. सर बाहेर झाले. त्यांच्या खुर्चीवर अध्यक्षांचा जावई बसला, नुकताच तिथे मास्तर म्हणून चिकटवलेला.

सर माझ्या घरी आले. चहाला हात लावला नाही. "पाटील, मले काढलं याचं काही नाही. तुम्ही न वाचता काढलं."

"माह्या घरी येऊन मले शिकवू नका!" मी ओरडलो. चूक माझी, आणि ओरडलोही मीच. सर चपला घालून स्टेशनाकडे गेले. मग आमचं बोलणं राहिलं नाही. ते विद्यापीठाला अर्ज लिहीत राहिले, रिटायर झाले, आणि यंदा पोळ्यानंतर वारले.

तेरवीच्या आधीच केशव रजिस्टर घेऊन हजर. या वेळी मी म्हणालो, "वाच."

त्यानं वाचलं, "सभा में दो मिनट का मौन रखा गया."

"कधी रे?"

"ठेवलं नाही, दादाजी. लिहिलं आहे."

"अन् मीटिंग?"

"मीटिंग कुठं होते जी आता!"

खाली माझी सोडून सगळ्यांच्या सह्या होत्या. जिवंतपणी या माणसाला बोलू दिलं नाही, आणि मेल्यावर त्याच्यासाठी दोन मिनिटं चूप बसायलाही कोणी आलं नाही!

रजिस्टर मी ठेवून घेतलं आहे. सांगून धाडलं: सभा बोलवा, शिक्षकांना त्यांची दोन माणसं निवडू द्या, माझी ती सही न वाचता केलेली होती हे माझ्यासमोर लिहा, मग घेऊन जा. न्यायला चार जण येऊन गेले. काल अध्यक्षांचा जावई आला, दारातूनच आवाज चढवत. मी खाटेवरून उठलो नाही. एवढंच विचारलं,

"तुम्ही कोणाच्या वतीनं येऊन राहिले जी?"