ऊटा की आटा?

माझी आत्या सात वर्षांची असतानाच जायची होती.

गेली सत्त्याण्णवाव्या वर्षी. आज वर्ष झालं.

मधली नव्वद वर्षं तिला मंद्रूपने दिली, सोलापूरजवळच्या एका रखरखीत गावाने. सोलापूरकर हसतील, हसू द्या. मंद्रूपला हवापालटासाठी गेलेलं माझ्या माहितीतलं ते एकमेव माणूस.

तीसच्या दशकातली गोष्ट. आजोबा सोलापुरात शाळामास्तर. कमलआत्याच्या आधीची दोन मुलं गेलेली, त्यामुळे आजीने हिला अगदी डबीत ठेवलं होतं. उन्हात जायचं नाही. पळायचं नाही. भाकरी पचायची नाही म्हणून तिन्ही वेळा मऊ भात.

परिणाम? हातापायाच्या काड्या आणि महिन्यातून दोनदा ताप.

डॉक्टर म्हणाले, "हवापालट करा. महाबळेश्वर, पाचगणी."

मास्तरांच्या घरात महाबळेश्वर फक्त भिंतीवरच्या नकाशात होतं.

तेव्हा सिद्रामकाका मदतीला आले. मंद्रूपचे मेंढपाळ. सोलापुरात घोंगड्या विकायला यायचे आणि आजोबा त्यांचे अर्ज लिहून द्यायचे, एवढीच ओळख.

"मास्तर, पोरीला आमच्याकडं धाडा की. लई हवा हाय तितं."

आजी हादरली. "मास्तरांची मुलगी धनगराच्या घरी जेवणार? लोक काय म्हणतील?"

आजोबा म्हणाले, "आपली दोन गेली तेव्हा लोक भेटून गेले. ही राहू दे."

आजी रडली, पण बैलगाडी निघाली.

सिद्रामकाकांच्या बायकोचं नाव नीलव्वा. बोलणं सगळं कन्नड. आत्याला कन्नड शून्य.

पहिल्याच दिवशी नीलव्वाची मुलगी कोकरू काखेत घेऊन ओरडत आली, "आटा! आटा!" म्हणजे खेळायला चल. आत्या काही उठली नाही, पण शब्द शिकली. आटा म्हणजे खेळ. दुसरा शब्द शिकली इल्ला, म्हणजे नाही. तिसरा आयतु, म्हणजे झालं.

एवढ्या भांडवलावर तिने संसार सुरू केला.

संध्याकाळी नीलव्वाने विचारलं, "ऊटा आयता?"

जेवण झालं का? त्या भागात येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना हेच विचारतात.

आत्याला ऐकू आलं, "आटा आयता?" खेळून झालं का?

मास्तरांची मुलगी, खोटं कशाला बोलेल? दिवसभर खाटेवर बसून होती. म्हणाली, "इल्ला."

नीलव्वाने पुढ्यात ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी आणि वाडगंभर ताक ठेवलं. आत्याने कसंबसं संपवलं.

थोड्या वेळाने नीलव्वाची सासू आली. "ऊटा आयता?"

"इल्ला."

परत भाकरी.

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी आत्याच्या डोक्यात प्रकाश पडला: इथे जो खेळत नाही त्याला भाकरीची शिक्षा होते!

मग काय. निव्वळ भाकरी चुकवायला ती खेळायला लागली. कोकरांच्या मागे पळाली, लंगडी घातली, आपटली, गुडघे फोडून घेतले, परत पळाली. संध्याकाळी घामाघूम होऊन अंगणात आली तेव्हा नीलव्वाने विचारलं, "ऊटा आयता?"

आत्या छाती काढून ओरडली, "आयतु!" झालं!

नीलव्वाने मान डोलावली आणि भाकरी झाकून ठेवली.

आणि नेमकी त्याच दिवशी आत्याला आयुष्यात पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती.

तिने असं भोकाड पसरलं की सिद्रामकाका मेंढ्या सोडून धावत आले. सगळं ऐकल्यावर हसून हसून खाली बसले.

"अगं, आटा न्हाय, ऊटा! जेवलीस का म्हनतीया ती!"

त्या दिवशी आत्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या. स्वतःहून मागून.

दोन महिन्यांनी घरी आली. आजीने दार उघडलं आणि गळा काढला, "काळी पडली गं माझी पोर!" मग तिला उचलायला गेली, तर उचलवेना.

संध्याकाळी आजीने सवयीने मऊ भात कालवला. आत्याने ताट सरकवलं. "आधी आटा, मग ऊटा," म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर पळाली.

आजी दारातच उभी राहिली. हाक मारायला तोंड उघडलं होतं तिने. मारली नाही. तेवढी हाक गिळणं तिला फार जड गेलं, असं ती पुढे सांगायची.

मग तोच आमच्या घरचा कायदा झाला. माझे वडील त्यात वाढले, आम्ही वाढलो. आत्या दारात उभी राहून विचारायची, "आटा आयता?" इल्ला म्हटलं की चालू पडा बाहेर. घाम दिसल्याशिवाय ताट नाही.

नव्वदी उलटल्यावर तिने माझ्या नातवाच्या हातातला मोबाइल काढून घेतला. तो कार्टूनशिवाय घास गिळत नव्हता. "याला भाजी आवडत नाही असं नाही," म्हणाली, "याला भूकच माहीत नाही." दीड तास ग्राउंडवर पिटाळला. येऊन त्याने मेथीची भाजी खाल्ली, ती कसली हेही न विचारता.



शेवटच्या आठवड्यात तिने अन्न सोडलं. मी पेज घेऊन बसले होते. ऐकू फार कमी यायचं, म्हणून कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आत्या, ऊटा आयता?"

दोन दिवसांत घोट गेला नव्हता पोटात.

तिने डोळे उघडले. हसली. "आयतु गं. भरपूर झाला."

मला वाटलं, भ्रमात बोलतेय. वाटी खाली ठेवली आणि मग लक्षात आलं.

जेवण असतं तर 'झालं' म्हणाली असती.

ती 'झाला' म्हणाली. खेळ.

आत्या, तुझी फार आठवण येते. फोटोला हार घातलाय. आता पोरांना घेऊन ग्राउंडवर निघालेय.

खेळून आल्यावर ताटं वाढू.