नानांची विभूती आणि माझी कढई

गावच्या घरी मी देवघरातल्या विभूतीने कढई घासली. लख्ख घासली, आणि वर मुलीला ऐकवलं, बघ, आमच्या लहानपणी लिक्विड नव्हतं, भांडी राखेनेच निघायची. गॅस आल्यापासून त्या घरात चूल पेटलेली नाही, मग राख आली कुठून, हा प्रश्न तिला पडला. मला पडला नाही.

राख नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी केलेली. महाशिवरात्रीला गोवऱ्या जाळायच्या, राख फडक्यातून गाळून पितळी डब्यात भरायची आणि वर्षभर घराबाहेर निघणाऱ्याच्या कपाळी लावायची. शेवटी सगळ्यांची हीच होते, तर निघताना आठवण असू द्यावी, एवढाच त्यांचा अर्थ. नाना गेले, डबा उरला. थोरला भाऊ तो चिमटीचिमटीने पुरवत होता. लेकीच्या परीक्षेला, स्वतःच्या ऑपरेशनला.

सुरतेला जायला गाव, पिंपळनेर, सोडलं तेव्हा एसटीच्या पायरीवर नानांनी माझ्या कपाळावर तीन बोटं ओढली होती. "सुरतमा बठ्ठं मिळी, पन घरनी राख कोठे मिळी?" सगळं मिळणाऱ्या सुरतेच्या वाटेवर, सीमेवरचं नवापूर यायच्या आधीच मी ती रुमालाने पुसली. गुजरातेत नवा माणूस म्हणून उतरायचं होतं ना! आता आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर पाकिटातली विभूती असते. तिला मोगऱ्याचा वास येतो. सुरत-पुण्याला गेलेल्या सगळ्यांना सांगतो, गावी गेल्यावर मदत करू नका.

रिकामा डबा बघून भाऊ ओरडला असता तर परवडलं असतं. तो माझ्याशी बोलेचना. जे बोलायचं ते माझ्यासमोर वहिनीला. सुरतवाल्यांना विचार, अजून काही घासायचं राहिलंय का. नानांचं दुखणं कोणी काढलं, हेही रोज ताटात वाढलं जायचं. मीही पेटलो. म्हणालो, एवढं काय त्यात, सुरतेहून किलोभर पाठवतो. बोलताना ते हुशारीचं वाटलं होतं. वहिनीने वाढता हात मागे घेतला.

निघायच्या सकाळी बॅगा ओट्यावर ठेवल्या. भाऊ डबा घेऊन बसला होता. तळाच्या कडेला चिमूटभर राख अडकून राहिली होती. का कोण जाणे, मी त्याच्यासमोर वाकून कपाळ पुढे केलं. बराच वेळ तसाच वाकून राहिलो. कंबर दुखायला लागली.

भाऊने झाकण लावलं.

"ही राख घरना माणूसले लावतस," तो म्हणाला. "तू ते पाव्हणा शे. चहा पी आनि निंघ."