मांजरासाठी भिशी

तो गृहस्थ मला एकदाच भेटला, कोल्हापुरात, जनावरांच्या डॉक्टरांकडच्या बाकावर. मी कुत्र्याला इंजेक्शन द्यायला गेलो होतो. त्याच्या मांडीवरच्या आंब्याच्या करंडीत एक म्हातारी मांजर होती, पोटातल्या गाठीनं पार सुकलेली.

"ही भवानी आमची न्हाय बरं का," तो म्हणाला. "नुसती आमच्यात ऱ्हाती. बारा वर्सं झाली." बोलताना तो तिच्या कानावरची माशी हाकलत होता.

ऑपरेशनला चार हजार लागणार होते. रंगीत टीव्हीसाठी लावलेली गल्लीतली भिशी त्यानं आधीच मागून घेतली होती. मांजरासाठी म्हटलं तर गल्ली जन्मभर हसेल, म्हणून सासूचं ऑपरेशन आहे असं सांगून.

"मग आता अडचण काय?" मी विचारलं.

"अवो पावणं, समदी गल्ली आज सांजच्याला मोसंबी घिऊन सासूला बघाय येणार हाय की! आन् सासू तिकडं गडहिंग्लजला ठणठणीत!"

मी हसलो, तोही हसला. पण करंडी आत नेली तेव्हा त्यानं करकरत्या चपला दाराबाहेर काढल्या आणि देवळात उभं राहावं तसा हात जोडून उभा राहिला. माझं काम झालं होतं, तरी माझा पाय निघेना.

तासाभरानं करंडी बाहेर आली. मांजरीनं एक डोळा अर्धवट उघडला. तो तिच्यावर वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "चला सासूबाई, घरला. पावणं यायची येळ झाली."