मुंबई ते मद्रास, आणि न काढलेला केर

लेक जगेल का, हे त्या दिवसांत मी देवालाही विचारत नव्हते. विचारून काय उपयोग, असंच वाटे. पाच वर्षांच्या शकूच्या काळजाला जन्मतःच भोक होतं. चार पावलं पळाली की ओठ निळे पडायचे आणि पोर उकिडवी बसायची. शस्त्रक्रिया मद्रासला व्हायची होती. मुंबईहून रेल्वेनं एका दिवसाहून जास्त लागे, आणि तेवढा प्रवास तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विमानानं मात्र हजारभर किलोमीटर दोन तासांच्या आत. हे ढोकीच्या साखर कारखान्यात फिटर होते. दुष्काळानं ऊस वाळला होता, गाळप अर्ध्यावर आलं होतं, तरी कामगारांनी मिळून विमानाच्या तिकिटांची सोय केली. त्या माणसांची आठवण झाली की अजून ऊर भरून येतो.

मी ओली बाळंतीण, म्हणून मागं राहिले. आधीच मुंबईला गेलेले बापलेक विमानात बसायचे त्या सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्याशी ठाण मांडून बसल्या. आमच्याकडं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात केर काढत नाहीत. एसटीचा अंदाज त्यांना पाठ होता, विमानाचा कुठून असणार?

"किती येळ लागंल गं?"

"दोन तास, आत्याबाई. बाराला उतरतील."

मी शाळेत भूगोल शिकवायचे, आकड्यांवर माझा भारी भरवसा. बारा वाजून गेले तशी मी केरसुणी उचलली. त्यांनी हात धरला.

"सांगावा येऊ दे आधी. काळभैरव काय तुझं घड्याळ बघून चालतुय व्हय?"

मला हसू आलं आणि रडूही फुटलं. सोनारीचा काळभैरव आमचं कुलदैवत, पण हात जोडून काही मागणं मला कधी जमलं नव्हतं. त्या दुपारी त्यांच्या शेजारी बसून मनात म्हटलं, देवा, माझं गणित संपलं. आता तूच बघ.

संध्याकाळी कारखान्यात ट्रंक कॉल आला आणि शिपाई पळत निरोप घेऊन आला, पोचले म्हणून. पुरती हकिकत यांनी नंतर सांगितली. बाराला विमान मुंबईतच उभं होतं. त्या खोळंब्यात शकूला धाप लागली, ती काळीनिळी पडली. हे आरडाओरडा करत असताना पांढऱ्या साडीतल्या एक वयस्कर बाई घाईघाईनं आल्या. त्यांना विमानतळावर यायला उशीर झाला होता, पण विमान खोळंबल्यामुळं त्यांना त्यात जागा मिळाली होती. लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. शकूला मांडीवर घेऊन त्यांनी तिचे गुडघे छातीशी दाबून धरले. हळूहळू रंग परतला. मद्रासपर्यंत त्यांनी पोरीला खाली ठेवलं नाही, इस्पितळाच्या दारापर्यंत सोबत आल्या. नाव विचारलं तर म्हणाल्या, "पहले बच्ची को देखो." विमान वेळेवर सुटतं तर त्या त्यात नसत्या. अंतर आपण मोजावं, पोचवणारा वेगळाच असतो, एवढंच मला उमगलं. त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही, पण दिवा लावताना त्यांनाही हात जोडते.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी आम्ही सोनारीला गेलो. देवळाच्या आवारात माकडांचा सुळसुळाट. एकानं खोबऱ्याचा तुकडा पळवला आणि शकू त्याच्या मागं सुसाट सुटली. तिला थांबवायला मी दोन पावलं धावलेही. देवळाला वळसा घालून ती परत आली, हसत, गाल लालबुंद.

"आई, अजून एक चक्कर मारू?"

"मार की," मी म्हटलं.

मग गाभाऱ्यात गेले. मागण्यासारखं माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं.