बांगड्याच्या जागी काय?

माझ्या विहिणीने माझ्या घरी शहाळ्याच्या पाण्याशिवाय आजवर काही तोंडाला लावलेलं नाही. ती वालावलची, देवळाजवळच्या शाकाहारी घरातली. मी मालवणच्या बाजारात डोक्यावरच्या मासळीच्या टोपलीपासून सुरुवात करून दुमजली घर बांधलेली बाई. तिला माझ्या घरात मुलगी दिलेली चालते, माझ्या घरातलं भांडं चालत नाही. हा राग मी खारवलेल्या सुरमईसारखा जपून ठेवला आहे. त्यामुळे सहा वर्षांच्या नातीने मासे सोडले तेव्हा मी लगेच ठरवलं, हे वालावलचं काम!

हळूहळू पोर फिकी पडली, खेळताना दमू लागली. सून म्हणाली, "आई, तिच्यासाठी वेगळी उसळ करूया." मी गरजले, "माझ्या घरात दोन चुली चलाच्यो नाय!" आणि दोघींना घेऊन कुडाळला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांच्या तोंडून 'मासे खा' एवढं वदवून घेतलं की सून गप्प आणि विहीणही गप्प.

बाईंनी पोरीची पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "रक्त कमी आहे. जेवते काय?"

"भात आणि बांगड्याची कढी. बांगडो बाजूक काढता."

"डाळ?"

"ती आमच्याकडे तापात करतत."

"दूध?"

"चायतला. जेवताना माझ्याच कपातली घेता थोडी."

बाई लिहू लागल्या. मी म्हटलं, "तिका सांगा, रोज एक बांगडो."

"नाही सांगणार."

"बरां, दिवसाआड."

"नाही."

"आठवड्याक एक! ह्याच्या खाली माका परवडाचा नाय."

सून पदराआड हसत होती. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आजी, मासे न खाणारी मुलं उत्तम वाढतात. डाळी, उसळी, नाचणी, पालेभाजी, दूध-दही नीट मिळालं पाहिजे. उसळीवर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं. चहा ते अडवतो, म्हणून चहा बंद. बी-बारा हिला कमी पडलंय, त्याचं औषध देते. पण हिचं जेवण शाकाहारी म्हणावं असंही नाही. ताटातून मासा गेला आणि त्याच्या जागी तुम्ही काहीच ठेवलं नाही."

बाजारात एक पापलेट विकलं की मी त्या जागी लगेच दुसरं मांडते. टोपलीत भोक दिसलं तर गिऱ्हाईक फिरकत नाही, हे मी सगळ्यांना शिकवत आले.

बाईंनी पोरीला विचारलं, "मासे का सोडलेस गं?"

"आजी म्हणता, मासो घेताना डोळो बघ. मी बघलंय. तो माझ्याकडे बघी होतो."

म्हणजे आळ घातला वालावलवर आणि दोष निघाला माझ्याच टोपलीतून.

उसळ मला येते, पण ती उपकार केल्यासारखी, सोमवारपुरती. पोरीने ती ढकलून दिली. शेवटी दात-ओठ खाऊन मी विहिणीला फोन लावला आणि काळ्या वाटाण्याची उसळ विचारली. तिने धणे किती भाजायचे इथपासून सगळं सांगितलं आणि मी चक्क ऐकून घेतलं.

पोरीने घास घेतला, विचार केला. "वालावलच्या आजीसारखी नाय झाली," म्हणाली, पण वाटी पुसून खाल्ली.

मी पुन्हा फोन लावला.